जुन्या वास्तूचे औषधपाणी

पावसाळा तोंडावर आला की गावोगावच्या जुन्या वाड्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, ‘यंदा सिमेंट मारून टाकू, म्हणजे कायमची कटकट मिटेल.’ भिंतीला ओल आलेली असते, पोपडे सुटलेले असतात, माजघराच्या कोपऱ्यात लोणा लागलेला असतो. गवंडी येतो, जुना गिलावा खरवडून काढतो, त्यावर सिमेंटचा गुळगुळीत थर चढवतो आणि वरून ऑइलपेंटचा हात देतो. भिंत नव्यासारखी दिसू लागते. घरातली माणसे समाधानाने सुस्कारा टाकतात. एक-दोन पावसाळे बरे जातात. मग ओल पुन्हा डोके वर काढते, आणि या खेपेस ती पहिल्यापेक्षा हातभर उंच चढलेली असते.

यात कुणाचीही वाईट इच्छा नव्हती. वाड्याविषयी माया होती म्हणूनच पैसे खर्च झाले. पण जुन्या वास्तूंच्या बाबतीत हाच तर पेच आहे. दुर्लक्षाने त्यांचे नुकसान होते हे सर्वांना ठाऊक असते. घाईच्या मायेने होणारे नुकसान मात्र लवकर ध्यानात येत नाही, आणि येते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. शंभर वर्षे उन्हापावसाला पुरून उरलेली भिंत दहा वर्षांच्या ‘पक्क्या’ दुरुस्तीने खचते, तेव्हा लोक म्हणतात, ‘काय करणार, जुनेच झाले होते.’ वास्तविक ती वयाने खचलेली नसते, चुकीच्या औषधाने खचलेली असते.

भिंतही श्वास घेते

हे औषध चुकीचे का, ते समजण्यासाठी जुनी भिंत कशी बनत असे ते थोडे पाहायला हवे. सिमेंट ही तशी अलीकडची वस्तू. इंग्लंडमधील जोसेफ अॅस्पडिन या गवंड्याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले ते १८२४ मध्ये. आपल्याकडे ते सर्रास वापरात आले विसाव्या शतकात. त्याआधीची आपली पक्की बांधकामे, मग तो दिल्लीचा मकबरा असो, तमिळनाडूतील गोपुर असो की पुण्याचा वाडा, उभी राहिली ती मुख्यतः दगड, वीट, लाकूड, माती आणि चुना यांच्या भरवशावर.

चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी घातले की तो फसफसतो, तापतो आणि विरतो. हा विरलेला चुना पाण्याखाली मुरत ठेवायचा, जितका मुरेल तितका चांगला. मग बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली वाळू किंवा विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून तो मळायचा. त्यात कुठे गुळाचे पाणी पडे, कुठे बेलफळाचा गर, कुठे उडदाचे पाणी, कुठे ताग. प्रत्येक प्रांताची आपली रीत होती. जयपूरकडे संगमरवराची पूड घालून आरशासारखा चमकणारा ‘आराईश’ गिलावा करत. तमिळनाडूतील चेट्टिनाडच्या हवेल्यांत चुन्याच्या भिंती घोटण्यासाठी अंड्यातील पांढरा भागही वापरला जाई.

चुना सावकाश घट्ट होतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेत तो हळूहळू पुन्हा चुनखडीकडे वळत असतो, आणि हे काम महिनोन् महिने चालते. म्हणूनच वाड्याची भिंत हंगामाप्रमाणे जराशी हलली, खचली, तरी चुन्याचा सांधा ते सहन करतो. दुसरे म्हणजे चुन्याचा गिलावा सच्छिद्र असतो. जुन्या भिंतींना पायातून ओल येणारच, कारण त्यांच्याखाली ओल अडवणारा थर क्वचितच असे. पण ती ओल चुन्यातून सहज बाहेर पडे आणि उन्हाळ्यात भिंत वाळून जाई. भिंत श्वास घेते असे जुने गवंडी म्हणत, ते अगदी खरे होते.

अशा भिंतीवर सिमेंटचा थर म्हणजे माणसाला जेठच्या उन्हात प्लॅस्टिकचा रेनकोट घालून बसवण्यासारखे आहे. बाहेर पडायची वाट बंद झाल्यावर ओल वर चढते. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पोटातच स्फटिक होऊन साचतात आणि वीट आतून भुसभुशीत होते. तुळईचे टोक अशा ओल्या भिंतीत राहिले की सागवानही कुजते. दगडी बांधकामात सांधे सिमेंटने भरले तर आणखी एक अनर्थ होतो. पूर्वी सांधा मऊ आणि दगड कठीण असे. झीज व्हायची ती सांध्याची, आणि सांधा पुन्हा भरता येई. आता सांधा कठीण झाला, म्हणून झिजायची पाळी दगडावर येते. चुना पुन्हा भरता येतो, कोरीव दगड पुन्हा आणायचा कुठून?

यात सिमेंटला दोष देण्याचे कारण नाही. नव्या बांधकामात त्याची योग्यता कुणी नाकारू शकत नाही. एकाला मानवलेले औषध दुसऱ्याला विष ठरावे, तसा हा प्रकार आहे.

छतावरचे दहा लाख किलो

या चुका केवळ खेड्यातल्या वाड्यांतच झाल्या असे नाही. दिल्लीतील हुमायूनचा मकबरा हे याचे ठळक उदाहरण आहे. १५७० च्या सुमारास उभा राहिलेला हा मकबरा म्हणजे ताजमहालाचा पूर्वज. १८५७ मध्ये अखेरचा मोगल बादशाह बहादूरशाह जफर याला इंग्रजांनी पकडले ते इथेच. १९४७ च्या फाळणीनंतर याच बागेत निर्वासितांनी आसरा घेतला. १९९३ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

असा हा मकबरा गळत होता. आणि गळका छप्पर दिसला की आपण घरी जे करतो, तेच इथेही विसाव्या शतकात वेळोवेळी करण्यात आले. गळतीवर काँक्रीटचा थर, तरीही गळले की त्यावर आणखी एक थर. पाण्याचे मूळ उतार त्याखाली गाडले गेले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आगा खान ट्रस्टने २००७ नंतर येथे मोठे काम हाती घेतले, तेव्हा एकट्या छतावरून काढलेल्या काँक्रीटचे वजन भरले दहा लाख किलोंहून अधिक! चारशे वर्षांपूर्वीच्या कमानी मुकाट्याने हा भार वाहत उभ्या होत्या. हे काँक्रीट हातांनी, जपून काढावे लागले, कारण यंत्रांच्या हादऱ्यांनी मूळ बांधकामालाच धोका होता. मग चुन्याचा कोबा करून पाण्याचे मूळ उतार पुन्हा साधण्यात आले.

या कामात कारागिरांचे सुमारे दोन लाख मनुष्यदिवस खर्ची पडले. घुमटाभोवतीच्या छत्र्यांवरची रंगीत कौले घडवण्याची कला इथे कुणाला येत नव्हती, म्हणून उझबेकिस्तानातून उस्ताद आले आणि त्यांनी शेजारच्याच निजामुद्दीन वस्तीतील तरुणांना ती शिकवली. २०१३ मध्ये काम पूर्ण झाले. या साऱ्या खटाटोपातला मोठा भाग मूळ इमारतीच्या झिजेचा नव्हता, तो आधीच्या दुरुस्त्या दुरुस्त करण्याचा होता, हे विसरता येत नाही.

सौंदर्याचा हट्ट

गळती थांबवण्याची घाई समजू शकते. पण पुष्कळदा वास्तूचा घात होतो तो आपल्या आवडीनिवडीने. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिका आज लालसर, खडबडीत जांभ्या दगडात दिसते. येणारे पर्यटक तिच्या या प्राचीन रूपावर लुब्ध होतात. पण १६०५ मध्ये ती उपासनेसाठी खुली झाली, त्या काळी जांभ्याच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा असे, आणि इथेही तो होता. १९५० च्या दशकात, पोर्तुगीज राजवटीत, वास्तू अधिक ‘जुनी’ दिसावी म्हणून तो काढून टाकण्यात आला. जांभा हा मुळात पाणी पिणारा दगड. कोकणातल्या आणि गोव्यातल्या पावसात तो उघडा ठेवणे म्हणजे मुलाला छत्रीशिवाय शाळेत पाठवणे. दगड झिजू लागला. गिलावा पुन्हा चढवावा की नाही, यावर अलीकडे बराच वाद झाला, कारण दोन-तीन पिढ्यांना आता हे लाल रूपच खरे वाटते.

आपल्याकडे देवळांत याच्या उलट टोक दिसते. तिथे जुने दिसायलाच नको असते. काळ्या पाषाणाचे खांब ऑइलपेंटने गुलाबी-पिवळे होतात, दीपमाळेला चांदीचा रंग येतो, सभामंडपात न्हाणीघरात शोभतील अशा चकचकीत टाइल्स बसतात. हे सारे भक्तिभावाने, देणगीदारांच्या नावाच्या पाट्यांसह होते. पण रंगाखाली दगडाचा श्वास कोंडतो, बारीक नक्षी बुजते, टाइल्सवरून ज्येष्ठ माणसे घसरून पडतात ती वेगळीच. रंग काढायचा म्हणून दगडावर वाळूचा जोरदार मारा केला, तर दगडाची वरची कातडीच निघून जाते.

चित्र बदलू शकते हेही खरे. २०२४ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात संवर्धनाचे काम झाले, तेव्हा गाभाऱ्यात नंतरच्या काळात बसवलेला ग्रॅनाईट काढून मूळ दगडी रूप मोकळे करण्यात आले. तमिळनाडूत श्रीरंगमच्या रंगनाथ मंदिरात नंतरची काँक्रीटची बांधकामे हटवून, पावसाचे पाणी वाहून नेणारी जुनी व्यवस्था पुन्हा चालती केली गेली. त्या कामाला २०१७ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कार मिळाला. रोज हजारो भक्त येतात असे देऊळही योग्य रीतीने सांभाळता येते, याचा याहून चांगला दाखला कोणता?

जाणकारही चुकतात

मग जाणकारांच्या हाती सोपवले की झाले, असे वाटेल. पण अजिंठ्याचा अनुभव आपल्याला नम्र करतो. लेण्यांतील चित्रांचा रंग सुटू लागला होता. त्या काळी अजिंठा निजामाच्या राज्यात होते. निजाम सरकारने १९२० मध्ये मुद्दाम इटलीहून नावाजलेले तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारे पापुद्रे चिकटवले आणि चित्रांवर लाखेच्या रोगणाचा लेप दिला. तेव्हाच्या ज्ञानाप्रमाणे ते योग्यच होते, आणि पापुद्रे वाचले हेही खरे. परंतु पुढे तो लेप पिवळट-काळसर पडला, त्यावर धूळ बसली, आणि चित्रांचे मूळ तेज झाकले गेले. नंतरच्या पिढ्यांतील रसायनतज्ज्ञांना तो लेप उतरवण्यासाठी वर्षानुवर्षे खपावे लागले.

अशा अनुभवांतूनच या शास्त्राचे नियम तयार झाले आहेत. ते तसे साधे आहेत. आधी रोगाचे मूळ शोधावे, मग औषध द्यावे. जेवढे अगदी जरूर तेवढेच करावे. मूळ साहित्याशी जुळणारेच साहित्य वापरावे. काय केले त्याची नोंद आणि छायाचित्रे ठेवावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जे काही करू ते उद्या कुणाला काढता आले पाहिजे. आज आपल्याला जे कळते त्यापेक्षा आपल्या नातवंडांना जास्त कळेल, एवढी जागा त्यांच्यासाठी सोडलेली बरी.

शाकारणीचा धडा

‘जीर्णोद्धार’ हा आपला किती सुंदर शब्द! जे जीर्ण झाले त्याला उद्धरून घ्यायचे. अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून सोमनाथापर्यंत देवळे आणि घाट बांधले, सावरले, ते याच श्रद्धेने. आज मात्र जीर्णोद्धार म्हणजे जुने पाडून नवे बांधणे, असा अर्थ रूढ होऊ पाहत आहे. जीर्णाचा मागमूस उरला नाही, तर उद्धार झाला कुणाचा?

आपल्या वाडवडिलांना हे शास्त्र पुस्तकात वाचावे लागले नाही. कोकणात दरवर्षी पावसाआधी घर शाकारले जाई. कौले उतरवायची, फुटकी बदलायची, रिपा तपासायच्या. मराठवाड्यात, सोलापूरकडे माळवदावर दरसाल नवी माती पसरून ती चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. दक्षिणेत मोठ्या देवळांचा कुंभाभिषेक साधारणपणे बारा वर्षांनी होतो. त्यानिमित्ताने शिखरापासून पायरीपर्यंत सारे तपासून दुरुस्त केले जाते. दुरुस्ती हा सणवाराचाच भाग होता, तिला ‘कायमची कटकट’ असे कुणी म्हणत नव्हते.

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तेव्हा त्यांचे म्हणणेही हेच होते. जुन्या वास्तूला नवे रूप देण्यापेक्षा रोजची देखभाल करून तिची पडझड रोखावी. आपल्याकडे पुरातत्त्व खात्याचे प्रमुख सर जॉन मार्शल यांनी १९२३ मध्ये लिहिलेली संवर्धनाची नियमावली त्याच विचाराची आहे. आपल्या आज्या-पणज्या तेच काम कुंचा आणि सारवणाच्या पोतेऱ्याने करत होत्या.

वारसदारांचा प्रश्न

केंद्राने संरक्षित केलेली स्मारके साडेतीन हजारांहून अधिक आहेत. हा आकडा मोठा वाटतो, पण एवढ्या विस्तीर्ण देशात तो मूठभरच म्हणायचा. बाकीचे वाडे, हवेल्या, बारवा, मठ, मशिदी, चर्चेस आणि कौलारू घरे ही कुटुंबांच्या, विश्वस्तांच्या, ग्रामपंचायतींच्या हाती आहेत. त्यांचे भवितव्य तज्ज्ञांच्या परिषदेत ठरत नाही, ते ठरते जेवणाच्या ताटावर, भावाभावांच्या बोलण्यात.

तिथले प्रश्न खरे असतात. एक भाऊ गावात, दुसरा पुण्यात, तिसरा बंगळुरूला. वाड्यात वाटे पाच, पण छताची गळती सामाईक. गोठलेल्या भाड्यात मालकाला कौलेही परवडत नाहीत आणि भाडेकरू म्हणतो, पदरचे घालून दुसऱ्याची भिंत का सावरू? मुंबईत अशाच पेचातून शेकडो इमारती धोकादायक झाल्या. जिथे छप्पर डोक्यावर कोसळण्याची भीती आहे, तिथे राहणाऱ्याला वारशाचे प्रवचन ऐकवणे हा क्रूरपणा होय. माणसाचा जीव आधी, भिंत नंतर. काही वास्तू वाचणार नाहीत हेही मान्य करायला हवे. मग निदान त्यांचे मोजमाप, छायाचित्रे आणि कोरीव लाकूड तरी जपता येते.

पण पुष्कळ वास्तू वाचू शकतात, आणि त्यासाठी दरवेळी लाखो रुपये लागतातच असे नाही. पावसाआधी पन्हळी साफ करणे, भिंतीलगत साठणारे पाणी दूर वळवणे, सरकलेले कौल वेळीच बसवणे, ही कामे घरातलेच कुणी करू शकते. भिंतीच्या फटीत पिंपळाचे रोप दिसले, तर ते बोटाएवढे असतानाच काढावे. पिंपळ तोडायला मन धजत नसेल, तर रोप अलगद काढून गावच्या माळावर लावावे. मोठा झाला की त्याची मुळे चिऱ्यामागून चिरा उचकटतात. मोठी दुरुस्ती निघाली, तर ठेकेदाराआधी जुन्या वास्तूंचा अभ्यास असलेल्या वास्तुविशारदाला दाखवावे. गिलाव्यासाठी चुन्याचे काम जाणणारा माणूस शोधावा.

आणि खरी अडचण इथेच येते. असा माणूस दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहे. चुन्याला वेळ लागतो, हात बसावा लागतो, आणि लवकर काम उरकणाऱ्यालाच काम मिळते, अशी बाजारात पद्धत पडली आहे. ज्या गवंड्याचे आजोबा चुना नुसता जिभेवर ठेवून पारखत, त्याचा नातू सिमेंटच्या गोणी वाहतो. त्याला दोष कसा द्यायचा? त्याच्या आजोबांची विद्या मागणारेच कुणी उरले नाही. निजामुद्दीन वस्तीतील मुलांनी परदेशी उस्तादांकडून कौले घडवायला शिकून घेतले, कारण समोर काम होते आणि मजुरीची खात्री होती. काम दिसले की विद्या परत येते. एखाद्या गावाने आपली वेस, एखाद्या कुटुंबाने आपला सोपा चुन्यातच दुरुस्त करायचा असे ठरवले, तर भिंतीबरोबर एका कारागिराच्या घरची चूलही सावरते आणि त्याच्याजवळचे ज्ञान त्याच्या मुलापर्यंत पोहोचते.

पाडलेला वाडा निदान छायाचित्रात तरी उरतो. पण तो सावरू शकणारा शेवटचा हात निघून गेला, की मागाहून कितीही पैसा ओतला तरी उपयोग होत नाही. म्हणून या उन्हाळ्यात भिंतीला ओल दिसली, तर सिमेंटची गोणी आणण्याआधी गावात चौकशी करावी की चुना मळणारा कुणी आहे का. असला, तर त्याला घरी बोलवावे, भिंत दाखवावी आणि त्याच्या हाताखाली काम शिकायला एक तरुण पोरगाही लावून द्यावा.